कासवाखाली कासव, त्याखालीही कासव: मराठीत काय म्हणावं?

लष्करकर (ग्वाल्हेर): मंडळाच्या स्मरणिकेसाठी एक लेख मराठीत करतोय. पृथ्वी हत्तीवर, हत्ती कासवावर, कासव कशावर? तर आणखी एका कासवावर, आणि असं चालूच. मी 'कासवांची उतरंड' लिहिलं. सौ.ने प्रूफ वाचताना काट मारली. "उतरंडीला तळ असतो. माझ्या आईकडे सगळ्यात खालच्या मडक्याखाली चुंबळ होती, तीही जुन्या लुगड्याची." बोलती बंद. आता काय लिहू?

बडोद्याची मावशी: चळत. रुपयांची असते तशी.

लष्करकर: मावशी, चळतही टेबलावरच ठेवतात ना!

तर्कट: शब्द आहे की, अनवस्था! न्यायशास्त्रातला दोष. एका आधाराला दुसरा, दुसऱ्याला तिसरा, थांबायची सोय नाही. इंग्रज तत्त्वज्ञ लॉकच्या १६९०च्या ग्रंथातला भारतीय तत्त्वज्ञ तर कासवाखाली 'काहीतरी आहे, काय ते ठाऊक नाही' म्हणून मोकळा होतो.

लष्करकर: 'अनवस्था' छापलं तर लोक घरी फोन करून विचारतील, काय प्रसंग ओढवला म्हणून.

तर्कट: लोकांनी अर्थ बिघडवला, म्हणून शब्द टाकून द्यायचा?

मावशी: बिघडवला कसला? शब्द वापरणाऱ्यांचाच असतो.

इंदुरी पोहे: मुळात आपल्याकडे पृथ्वी शेषाच्या डोक्यावर. कासव मंदराखाली, तेही मंथनापुरतं. बँकॉकच्या विमानतळावर मंथनाचं भलंमोठं शिल्प आहे, तिथेही तसंच.

सोवळ्यातला: पोहे, पूजेला बसता का कधी? आसनाच्या मंत्रात 'कूर्मो देवता' येतं, ते उगाच? आणि शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथात तर कासव म्हणजेच तिन्ही लोक: खालचं कवच पृथ्वी, वरचं आकाश, मधे अंतरिक्ष. तिथेच कूर्म म्हणजे कश्यप असंही म्हटलंय. आपलं 'कासव' त्या कश्यपावरूनच आलं. हिंदी कछुआ नि गुजराती काचबो कच्छपाकडचे.

मावशी: आमचे आजोबा सांगायचे, हातपाय कासेत ओढून घेतं म्हणून कासव.

सोवळ्यातला: आजोबांना नमस्कार, पण व्युत्पत्ती चुकली.

मावशी: नमस्कार पोचवते. व्युत्पत्ती तुमच्याकडेच ठेवा.

इंदुरी पोहे: लष्करकर, तुमच्या किल्ल्यावरच्या सासबहू मंदिरातला १०९३चा शिलालेख कच्छपघात राजांचा ना? म्हणजे कासवमारे! त्या गावात पृथ्वी कासवावर ठेवताय, सांभाळून.

तर्कट: 'घात'चा अर्थ एवढा सरळ नसतो. कच्छप हे एखाद्या कुळाचंही नाव असू शकेल.

इंदुरी पोहे: म्हणजे कासवं वाचली, कुळ गेलं.

लष्करकर: अहो, फाइल उद्या छापखान्यात जायचीय! सौ. म्हणते, 'खाली नुसती कासवंच कासवं' लिहा आणि चहा घ्या.

सोवळ्यातला: लेखी मराठीत 'कासवे'.

मावशी: झालं सुरू.