'मेंदूच्या लहरी' की 'मेंदूची लय'? आणि ठेका नक्की कोण धरतं?

खालीभरी
एका विज्ञानलेखाचं भाषांतर करतेय. आपण बोलणं ऐकतो तेव्हा मेंदूतली विजेची चढउतार त्या बोलण्याच्या चालीशी कशी जुळते, असा विषय आहे. शीर्षकातच अडले. 'ब्रेन ऱ्हिदम्स'ना 'मेंदूच्या लहरी' लिहिलं, तर बहीण म्हणाली, "म्हणजे लहर लागली की चालतो होय?" 'ताल' म्हणावं, तर सम कुठे आणि खाली कुठे?
दुसरी अडचण एन्ट्रेनमेंटची, म्हणजे आतली लय बाहेरच्या लयीशी जुळण्याची. मी 'मेंदू बोलण्याचा ठेका धरतो' लिहिलं होतं. संपादकांनी त्यावर काट मारून शेजारी लिहिलंय, 'बोलीभाषा टाळा'.

पोटफोड्या_ष
'आंदोलन' सुचवणार होतो, पण मेंदूत मोर्चा निघाल्यासारखं वाटतं. 'दोलन' घ्या. दोलक, दोलन, वारंवारता हे सगळं शाळेतच शिकलोय. एन्ट्रेनमेंटला 'अनुदोलन'. झालं.

उंटावरून
'अनुदोलन' वाचून कुणाचा मेंदू डोलेल? सरळ 'लय' म्हणा की.

पोटफोड्या_ष
उत्पत्ती, स्थिती, लय. मेंदूचा लय व्हायला नकोय त्यांना.

उंटावरून
तो लय, ही लय. मराठीत लिंग कशासाठी असतं मग?

शून्यमात्रा
धातू एकच, 'ली': चिकटणं, विरघळणं. लीन, विलय, प्रलय, तल्लीन सगळे त्यातलेच. म्हणून मला वाटतं, ऐकणारा 'तल्लीन' होतो म्हणजे त्याची लय बोलणाऱ्याच्या लयीत विरघळते. (पुरावा मागू नका, लाडकी व्युत्पत्ती आहे.)

अर्धा_र
बोलीत 'लय' म्हणजे पुष्कळ. 'मेंदूची लय' वाचून "लय काय?" विचारणारे निघतील.
'तरंग' का नको? 'अल्फा तरंग' रुळलेला शब्द आहे. हान्स बर्गर यांनी १९२४मध्ये माणसाच्या मेंदूचा पहिला विद्युत आलेख घेतला, १९२९मध्ये छापला. अल्फा म्हणजे सेकंदाला दहाच्या आसपास हेलकावे. कागदावर लाट दिसली, म्हणून लाट.

शून्यमात्रा
कागदावर नाडीचीही लाट दिसते, तिला आपण ठोके म्हणतो. पण माझा मुद्दा 'ठेका धरणे'बद्दल आहे, कारण त्यात नुसती भाषा नाही, दावा आहे. ठेका तोच धरतो ज्याच्या अंगात आधीपासून ताल असतो. इथे वाद नेमका तोच आहे. मेंदूत सेकंदाला ४ ते ८ हेलकाव्यांचा थीटा ताल असतो, आणि बोलण्याच्या आवाजाची चढउतार सेकंदाला चार-पाच वेळा होते. एक गट म्हणतो, आतला ताल बाहेरच्याशी जुळतो. दुसरा म्हणतो, ताल वगैरे काही नाही, प्रत्येक ठोक्याला मेंदू नुसता प्रतिसाद देतो, आणि ठोके नियमित म्हणून प्रतिसादही नियमित. आवाज थांबल्यावर हेलकावे दोन-चार आवर्तनं चालू राहिले, तर ठेका. लगेच थांबले, तर नुसतं दचकणं. संपादकांची काट चुकीच्या कारणासाठी पण योग्य जागी पडलीय.

खालीभरी
मूळ लेखात २०१६चा एक प्रयोग आहे. एकेका अवयवाचे चिनी शब्द, सेकंदाला चार, सलग, मध्ये कुठेही थांबा नाही. दोन शब्दांचा पदबंध, चारांचं वाक्य. चिनी येणाऱ्यांच्या मेंदूत सेकंदाला चारबरोबर दोनचा आणि एकचाही ताल दिसला. भाषा न येणाऱ्यांच्या मेंदूत फक्त चारचा. दोनचा आणि एकचा ताल आवाजात नव्हताच. मग ते दचकणं कसं?

शून्यमात्रा
चांगला प्रश्न. पण तिथेही 'ठेका धरला' म्हणता येत नाही, मेंदूने आपणहून 'ठेका लावला' म्हणावं लागेल.

पोटफोड्या_ष
थांबा, 'अवयव' कुठून आला? सिलॅबलला 'अक्षर' म्हणतात. हातपाय तोडताय काय भाषेचे?

खालीभरी
'सेकंदाला चार अक्षरं' लिहिलं तर वाचणारा लिहिलेली अक्षरं मोजणार. 'गडबड' टेबलावर टिचकी मारत म्हणून बघा. गड्-बड्. दोनच टिचक्या. अक्षरं चार.

पोटफोड्या_ष
कवितेत चार लघू, चार मात्रा. मात्रावृत्तात दोन धरून दाखवा.

उंटावरून
'करमणूक' पाच अक्षरं, टिचक्या तीन. 'मनमोकळं'ही तसंच. मेंदू मात्रावृत्त लिहीत नाही हो, ऐकतो.

पोटफोड्या_ष
म्हणजे आपण अर्धा स्वर खातो आणि तो खाणं हाच नियम म्हणायचं! 'गडबड'मधल्या पहिल्या 'ड'चा पाय कुणी मोडून लिहितं का?

अर्धा_र
लिहीत नाही, पण म्हणतो मोडूनच. माझ्या नावातला 'र' बघा.

खालीभरी
लेख उद्या द्यायचाय. शीर्षकाच्या जागी अजून तीन टिंबं आहेत.

उंटावरून
ते होईल. 'मनमोकळं'मध्ये मात्र 'मोक्-ळं' की 'मो-क-ळं'? मी आत्ता चार वेळा म्हणून पाहिलं, दोनदा वेगळं आलं.