रबाळे एमआयडीसीत फिटरला पर्मनंट का करत नाहीत?

भाऊ आयटीआय फिटर आहे, ठेकेदाराकडे लागलाय. गेटवर 'फिटर पाहिजे' बोर्ड कायम असतो, तरी पर्मनंट कुणालाच करत नाहीत. असं का?

> ऑर्डर घटली की ठेकेदाराची माणसं लगेच कमी करता येतात ना, आणि जो टिकणारच नाही त्याला सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं मशीन) शिकवायला खर्च कोण करणार, मग हेच मालक बोंबलतात की स्किल्ड माणूस मिळत नाही. चीड येते खरंच.

> दादा, त्याने अप्रेंटिसशिप (कंपनीत शिकाऊ म्हणून काम) केलीय का? १९६१ चा कायदा आहे, ३० किंवा जास्त माणसं असली की २.५ ते १५ टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात. आणि पासबुकात पीएफ जमा होतोय का ते आधी बघा, ठेकेदाराने बुडवला तर मूळ कंपनी जबाबदार असते.

> यूएएन (पीएफ खात्याचा नंबर) आहे त्याच्याकडे, आजच बघायला सांगतो.