भोपळा, हत्ती आणि चिऊचं पहिलं हॅलोवीन

धाकटी जाऊ (हिल्सबरो, अमेरिका): ताई, चिऊच्या डेकेअरमधून चिठ्ठी आलीय, 31 ला हॅलोवीनचा ड्रेस घालून पाठवा. इकडे शेजाऱ्यांनी अंगणात हाडांचा सापळा उभा केलाय. तो पाहिल्यापासून ही त्या बाजूने फिरायलाच येत नाही, कडेवर घट्ट चिकटून बसते. संध्याकाळी दारोदार न्यायलाच हवं का हो? अजून तीन पूर्ण नाहीत तिला.

आई (सातारा): दिवाळीच्या दिवसांत लेकराला भुतंखेतं कशाला दाखवायची म्हणते मी.

मी (बीव्हर्टन): आई, सण मुळात तसा नाही. 1 नोव्हेंबरला ख्रिश्चन लोकांचा सर्व संतांचा दिवस असतो, त्याची ही आदली संध्याकाळ. आपली सर्वपित्री असते ना, तशी गेलेल्या माणसांची आठवण त्याच्या मुळाशी आहे. आयर्लंड-स्कॉटलंडकडची माणसं सलगम कोरून आत दिवा ठेवायची. अमेरिकेत आली तेव्हा भोपळे मिळाले, कोरायला मऊ आणि आकाराने मोठे, मग तेच रूढ झाले. पण लेकराला घाबरवायचं नाही, हे तुमचं अगदी खरं आहे.

मी: आता तुझं. अंधारात दारोदार अजिबात नेऊ नकोस, डेकेअरमध्ये ड्रेस घालून जाईल तेवढं पुरे. आमच्या धाकट्याला याच वयात आम्ही एका बागेतल्या कार्यक्रमाला नेलं होतं. पाटीवर ‘लहान मुलांसाठी’ असं लिहिलेलं. फाटकातून आत शिरलो आणि मोटरवर चालणारा सापळा खडखड करत उठून बसला. पोरगा रडलासुद्धा नाही, नुसता थिजला. नंतर आठ दिवस दिवा लावल्याशिवाय झोपला नाही. मला आजही त्याचं वाईट वाटतं, कारण हात धरून आत मीच नेलं होतं. तेव्हापासून दरवर्षी आम्ही ऑरेगन झूलाच जातो, पोर्टलंडच्या प्राणिसंग्रहालयात. दिवसाउजेडी, मोकळ्या हवेत. भीती वाटलीच तर दोन पावलं मागे सरकायला जागा असते आणि बघायला खरेखुरे प्राणी असतात.

धाकटी जाऊ: झूमध्ये हॅलोवीनचं काय असतं पण?

मी: दोन गोष्टी असतात, त्यांची गल्लत करू नकोस. एक हाउलोवीन. त्यात मुलं वेष करून येतात, ठिकठिकाणी खाऊ मिळतो. दुसरी गोष्ट त्याच्या थोडी आधी, ऑक्टोबरच्या मध्यावर एका सकाळी असते आणि मला विचारशील तर चिऊसाठी तीच. हत्ती भोपळे फोडतात! 1999 पासून चालू आहे. राक्षसी आकाराच्या भाज्या पिकवणाऱ्या हौशी शेतकऱ्यांची इथे एक संघटना आहे, तिचे लोक भोपळे आणतात. एकेक भोपळा कित्येकशे किलोचा, माणसाला मिठीत न मावणारा. हत्ती आधी सोंडेने चाचपतो. मग पुढचा पाय वर ठेवतो आणि हळूहळू भार देतो. काही क्षण काहीच होत नाही, सगळे श्वास धरून उभे. मग ‘कर्रर्र’ आणि फट्! आतला केशरी गर बाहेर येतो, की सोंडेने फोडी उचलून थेट तोंडात. आपण कलिंगड आपटून खातो ना शेतात, अगदी तसं.

नणंदबाई (पुणे): वहिनी, हत्ती आपल्याकडचे की आफ्रिकेतले?

मी: आशियाई, आपल्याकडच्या हत्तींसारखेच लहान कानांचे. इथे 1962 साली पॅकी नावाचं पिल्लू जन्मलं, पश्चिम गोलार्धात 44 वर्षांनी जन्मलेलं पहिलं हत्तीचं पिल्लू. सध्या तिथल्या एका हत्तीचं नाव समुद्र आहे, 2008 चा जन्म. आणि त्याच्या आईला, रोझ-टूला, 2025 च्या 1 फेब्रुवारीला आणखी एक लेक झालीय, तुला-टू. भोपळ्यांपेक्षा मला तिचीच ओढ जास्त आहे. पिल्लू आईच्या पायांमधून बाहेर डोकावतं तेव्हा आजूबाजूची सगळी पोरं एकदम गप्प होतात.

आई: मग मुकाट चिऊला भोपळ्यातली म्हातारी करा की. लेकीकडे जाणारी. भूत नको नि सापळा नको.

धाकटी जाऊ: आई!! किती छान!

मी: आई, हे आम्हाला कुणालाच सुचलं नसतं. माझ्या जुन्या केशरी परकराचा गोल घेर होईल, आत उशीचा कापूस. डोक्याला सुती रुमाल आणि हातात काठी.

नणंदबाई: काठी नको. गर्दीत कुणाच्या डोळ्यात जाईल.

मी: बरोबर. काठी फोटोपुरती. आणि ड्रेस एक माप मोठा ठेव गं, आतून गरम कपडे मावले पाहिजेत. पोर्टलंडचा ऑक्टोबर आहे हा, पाऊस पडणार असं धरूनच चाल. तोंडावर मुखवटा नको. तिला दिसत नाही आणि पुढचं मूल तिलाच घाबरतं.

धाकटी जाऊ: गाडीने येऊ की मॅक्स रेल्वेने?

मी: मॅक्सने! पार्किंग पैसे देऊन आणि तेही लवकर भरतं. तुला हिल्सबरोहून निळी लाइन सरळ आहे, वॉशिंग्टन पार्कला उतरायचं. 6 वर्षांपर्यंत मुलांना तिकीट नाही. ते स्टेशन जमिनीखाली 260 फूट आहे, उत्तर अमेरिकेत सर्वांत खोल. फलाटाच्या भिंतीवर खोदताना काढलेला खडकाचा लांबच लांब नमुना काचेत लावलाय, तो चिऊला दाखव. लिफ्टने वर आलं की झू समोरच. लिफ्टमध्ये कानाला दडे बसले तर आवंढा गिळायला सांग. आणि दोन तासांपेक्षा जास्त थांबायचं नाही, दुपारच्या झोपेची वेळ मोडली की कुठलाच हत्ती उपयोगाचा नाही.

नणंदबाई: चिऊला शेंगदाणा चालत नाही ना? हाउलोवीनच्या खाऊचं काय करणार?

धाकटी जाऊ: तीच तर धास्ती आहे, ताई.

मी: तिथे गेलात तर मिळालेलं सगळं पिशवीत, तिथल्या तिथे काहीही तोंडात नाही. घरी आल्यावर आपण वेष्टनावरचं वाचायचं. छोट्या पाकिटांवर कधी घटकच छापलेले नसतात, ती सरळ बाजूला. शिवाय आपण शाकाहारी, गमीमध्ये, म्हणजे त्या चिवट जेलीच्या गोळ्यांत, बहुतेक वेळा प्राण्यांपासून केलेलं जिलेटिन असतं, तेही बघ. मी पोरांकडून खाऊ ‘विकत’ घेते, बदल्यात एक छोटा लाकडी प्राणी. दोघंही खुशीने देतात. आणि कुणाच्या दारात मोरपंखी रंगाचा भोपळा दिसला तर तिथे बिनधास्त जा. तो ठेवणाऱ्या घरात खाऊऐवजी स्टिकर, पेन्सिल असं काही मिळतं. 2012 साली टेनेसीत ॲलर्जी असलेल्या मुलांसाठी ही पद्धत सुरू झाली. आपण आपल्या दारातही यंदा एक ठेवू, रंग मी आणते.

आई: अख्खा भोपळा कापायला बाईने पहिली सुरी लावायची नाही, एवढं पाळा. भाऊजींना लावू दे. उरलेल्याचे घारगे करा.

मी: हो आई, गूळ घालूनच.

(हत्तींनी भोपळे फोडले त्या गुरुवारी, दुपारी)

धाकटी जाऊ: ताईने अर्धी सुट्टी टाकली म्हणून जमलं. आई, फोटो बघा, लुगड्याच्या काठाचा रुमाल कसा शोभतोय. मोठ्या हत्तीणीने पाय ठेवला, भोपळा फुटला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि चिऊ एकदम माझ्या मांडीला बिलगली. ओठ थरथरायला लागले. म्हणाली, “आई, आत म्हातारी होती?” मला काही बोलताच येईना.

मी: मी शेजारीच होते. तिचा चेहरा बघून माझ्याही पोटात गोळा आला.

आई: तिला फोनवर द्या.

(आईंचा आवाजी निरोप, 0:19)

धाकटी जाऊ: पाच वेळा ऐकला तिने. आता मॅक्समधल्या समोरच्या आजोबांना सांगतेय, मराठीतच, की म्हातारी सकाळीच उतरून लेकीकडे गेली आणि रिकामा भोपळा हत्तींना देऊन टाकला.