गावच्या यात्रेसाठी एसटी: गट आरक्षण की प्रासंगिक करार? मदत हवी आहे

पाटण तालुक्यातील आमच्या गावची यात्रा चैत्र पौर्णिमेला असते आणि त्यासाठी लालबाग-परळ भागातून यंदा आम्ही ४१ जण एकत्र जाणार आहोत. त्यात ७५ वर्षांवरील ९ ज्येष्ठ आणि १७ महिला आहेत, म्हणजे साध्या फेरीत ज्येष्ठांचा प्रवास मोफत व महिलांचे तिकीट निम्म्या दरात होते.

स्वतंत्र आरक्षणे करून पाहिली, पण मंडळी तीन गाड्यांत विभागली जातात आणि पाटण स्थानकापासून गाव १२ किलोमीटर आत आहे. खासगी बसचे भाडे वर्गणीत बसत नाही. छबिना (देवाच्या पालखीची रात्रीची मिरवणूक) रात्री दहाला देवळातून निघतो. पालखी दाराशी आली की ओवाळायला उभे राहायचे, खोबरे-गुलाल उधळायचा, एवढ्यासाठी आमच्या आजी वर्षभर दिवस मोजतात, त्यामुळे सायंकाळी सहापर्यंत गावात पोहोचणे आवश्यक आहे. परतीचा प्रवास तिसऱ्या दिवशी आहे.

गणपतीत कोकणासाठी मिळते तसे थेट गावापर्यंतचे गट आरक्षण चैत्रातील यात्रेसाठी कोणी घेतले आहे का, आणि प्रासंगिक करारावर (म्हणजे एसटीची अख्खी गाडी भाड्याने) गाडी घेतल्यास या दोन्ही सवलती लागू होतात की पूर्ण भाडे भरावे लागते?