४५ दिवसांचा नियम आणि नागपूरची उधारी

गांधीबागवाला
नागपूरच्या गांधीबागेत कापडाचं होलसेल आहे आमचं. यवतमाळ, गोंदियापासून बालाघाटपर्यंतचे दुकानदार माल उचलतात आणि पैसे देतात ९०-१२० दिवसांनी, तेही लग्नसराई बरी गेली तर. कापूस-सोयाबीनचा पैसा शेतकऱ्याच्या हातात आला की दुकानदाराच्या गल्ल्यात येतो, तिथून आमच्याकडे. आता प्राप्तिकराचा नियम (१९६१च्या कायद्यातलं कलम ४३बी(एच)) म्हणतो, सूक्ष्म-लघु कारखानदाराचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्या, नसेल तर १५ दिवसांत. मुदत उलटलेली बाकी ३१ मार्चला वहीत दिसली की त्या वर्षी तो खर्च धरणार नाहीत. म्हणजे न कमावलेल्या नफ्यावर कर.

परिणाम काय झाला? मार्च आला की बाकी वहीत दिसू नये म्हणून माल परत, एप्रिलात नवं बिल. आणि नवी खरेदी छोट्या लूमवाल्याकडून नको, मोठ्या मिलचीच बरी. ज्याच्यासाठी कायदा केला त्याचीच ऑर्डर गेली. बोला आता.

हिंगण्याचा शेडवाला
काय बोलून राहिले भाऊ! तुमची उधारी पिकावर चालते, मग माझं वीजबिल काहून नाही चालत पिकावर? एमआयडीसीत फॅब्रिकेशन करतो मी. पत्रा रोखीनं, पगार वेळेवर, बँकेचं व्याज महिन्याच्या महिन्याला. बिल फाडलं की पुढच्या महिन्यात जीएसटी माझ्या खिशातून, पैसे येवोत न येवोत.

आणि ४५ दिवस काही नवे नाहीत. २००६च्या एमएसएमईडी म्हणजे लघुउद्योगांच्या कायद्यातच आहेत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट व्याज, दरमहा चक्रवाढ! वाचायला लय भारी. पण मागितलं कोणी? ज्याच्यावर केस केली तो पुढची ऑर्डर देते का? नव्या कलमात मला तोंडच उघडावं लागत नाही, खरेदीदाराचा सीए स्वतःच त्याला सांगते. मार्च २०२४ मध्ये माझी अशी बिलं सुटली, जी मी बुडीत धरून चाललो होतो.

धंतोलीचा सीए
जरा थांबा दोघंही. व्यापाऱ्याकडून घेतलेल्या मालाला हे कलम लागत नाही. व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगांची सरकारी नोंदणी, मिळते ती फक्त बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती. हे न कळल्यानं त्या वर्षी इतवारीच्या बाजारात विनाकारण धावपळ झाली. ऑगस्टचं बिल डिसेंबरात दिलं तरी या कलमाचा फटका नाही (व्याजाचा कायदा वेगळा), कारण बाकी बघतात ती ३१ मार्चची. आणि वजावट कायमची जात नाही, पैसे द्याल त्या वर्षी मिळते.

"मोठ्याकडून घेतो" म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. एप्रिल २०२५ पासून लघु उद्योगाची उलाढालीची मर्यादा ५० कोटींवरून १०० कोटी झाली. कालचा मध्यम उद्योग आज लघु असू शकतो, म्हणजे त्यालाही हे कलम लागू. पुरवठादारांची यादी पुन्हा तपासा.

गांधीबागवाला
पुढच्या वर्षी मिळते, पण कर आज रोख भरायचा ना साहेब? भागीदारी फर्मला ३० टक्के. १० लाख बाकी राहिली तर सेस धरून तीन लाखांच्या वर. आणि तुम्हीच सांगितलं, व्यापाऱ्याला संरक्षण नाही. म्हणजे माझं देणं बांधलेलं आणि येणं मोकाट! दुकानदारानं चार महिने लावले तर मी कोणतं कलम दाखवू?

भंडाऱ्याचा तांदूळ मिलवाला
तुम्हाला निदान वेळ तरी होता. हे कलम फेब्रुवारी २०२३च्या अर्थसंकल्पात आलं, बाजाराला जाग आली वर्षानं. आमच्याकडे २० जुलै २०२३ला बिगरबासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद झाली, ऑगस्टात उकड्यावर २० टक्के शुल्क लागलं. बंदी उठली सप्टेंबर २०२४ मध्ये. तोपर्यंत आफ्रिकेतला गिऱ्हाईक आपली वाट पाहत बसतो का? थायलंड, व्हिएतनाम आहेत की. शहरात तांदूळ महागू नये हे बरोबरच, पण त्याची किंमत एकट्या मिलवाल्यानं आणि धानवाल्यानं काहून भरायची?

हिंगण्याचा शेडवाला
तांदळाचं दुखणं खरं आहे, पण वेगळं आहे. तिथे दार एका दिवसात बंद झालं. इथे फक्त वेळेवर पैसे द्या म्हटलं.

गांधीबागवाले भाऊ, तुमचं 'येणं मोकाट' मात्र पटलं. व्यापाऱ्यालाही मुदतीचं संरक्षण द्या, मी सही करतो. पण माझं काढून घेऊ नका. एका मोठ्या खरेदीदारानं मला सरळ सांगितलं, उद्यम नोंदणी रद्द करा, मग बोलू. मी नाही केली. ऑर्डर गेली.

गांधीबागवाला
मग मी पहिल्यांदा काय म्हटलं होतं? जुनी बिलं सुटल्याचं सांगितलं, ऑर्डर गेल्याचं तेव्हा नाही सांगितलं भाऊ.

हिंगण्याचा शेडवाला
सांगितलं असतं तर तुम्ही तेवढंच धरून बसले असते. गेली ती एक ऑर्डर. बाकीचे आता ४५ दिवसांत देऊन राहिले.