संघ तळाला गेला की मॅनेजर बदलायचा, याने खरंच काही होतं का?

कूपरेजकट्टा

फुटबॉलच्या दर मोसमात नोव्हेंबर-डिसेंबर आला की हेच सुरू होतं. तळाच्या एखाद्या संघाचा मॅनेजर जातो, नवा येतो, पहिला सामना जिंकला की लगेच "बघा, आधीच बदलायला हवा होता". माझं मत सरळ आहे: बहुतेक वेळा मॅनेजर बदलून क्लब आपला खरा प्रश्न पुढच्या मोसमावर ढकलतो, बाकी काही नाही.

इंग्लंडच्या संडरलंड क्लबइतकं ठसठशीत उदाहरण दुसरं नाही. मार्च २०१३ मध्ये मार्टिन ओ'नील गेला, दी कानियो आला, न्यूकॅसलला त्यांच्याच मैदानावर ३-० हरवलं आणि संघ खालच्या श्रेणीत जाण्यापासून वाचला. सप्टेंबरात पाच लीग सामन्यांत एक गुण, दी कानियो बाहेर. मग पोयेत. एप्रिल २०१४ मध्ये तळाला असलेला हा संघ मँचेस्टर सिटीशी बरोबरी करून, चेल्सी आणि मँचेस्टर युनायटेडला त्यांच्या घरी हरवून वाचला. मार्च २०१५ मध्ये पोयेत बाहेर, अॅडव्होकाट आत, परत वाचले. ऑक्टोबर २०१५ मध्ये अॅडव्होकाटने राजीनामा दिला, सॅम अॅलरडाइस आला, परत वाचले. सलग चार मोसम, चारही वेळा मॅनेजर मधेच बदललेला, चारही वेळा ३८ किंवा ३९ गुण. हे आकडे मला फार बोलके वाटतात. माणसं बदलली, संघाची कुवत तसूभर हलली नाही. दर नव्या मॅनेजरने आपल्या पसंतीचे खेळाडू मागितले, पुढच्याला ते नको होते. २०१६-१७ मध्ये २४ गुणांसह तळाला, आणि लगेच पुढच्या वर्षी चॅम्पियनशिपमध्येही, म्हणजे दुसऱ्या श्रेणीतही तळाला. तिसऱ्या श्रेणीतून वर यायला चार मोसम लागले.

मग विजय मिळतात ते का? बास तेर वील या डच अर्थतज्ज्ञाने नेदरलँड्सच्या लीगचे १९८६ ते २००४ चे निकाल तपासले होते. मॅनेजर काढल्यावर संघ सावरतो हे त्याला दिसलंच. पण तेवढीच घसरण होऊनही ज्यांनी मॅनेजर ठेवला, ते संघही तेवढेच सावरले. घसरण सगळ्यात खोल असते नेमकी तेव्हाच मॅनेजर काढतात, त्यामुळे त्यानंतर थोडं वर येणं स्वाभाविकच. श्रेय मात्र नव्या माणसाला जातं.

मर्सीकाठी

तुमचा संडरलंड मान्य, पण निष्कर्ष अजिबात नाही. सरासरीच्या आकड्यांत प्रत्येक संघाची गोष्ट पुसली जाते.

एव्हर्टन घ्या. जानेवारी २०२५ मध्ये शॉन डाइशला काढलं तेव्हा १९ सामन्यांत १७ गुण होते, खालच्या श्रेणीत नेणाऱ्या जागांच्या एकच गुण वर. डेव्हिड मोयेस आला आणि उरलेल्या १९ सामन्यांत ३१ गुण मिळाले. आठ विजय, सात बरोबरी, फक्त चार पराभव. बरोबर निम्मा-निम्मा मोसम आहे, याहून स्वच्छ तुलना कुठे मिळणार? जानेवारीत नवीन आला तो एकटा कार्लोस अल्काराझ, तोही लोनवर, म्हणजे उसना. बाकी माणसं तीच. तोच बेटो, जो डाइशच्या काळात बेंचवर बसून असायचा, तो फेब्रुवारीत लेस्टर, लिव्हरपूल, पॅलेस अशा ओळीने गोल करत होता. पिकफर्ड, टार्कोव्स्की, गेये सगळे आधीपासूनचे. फरक एवढाच की चेंडू मिळाल्यावर पुढे किती जणांनी धावायचं याची परवानगी बदलली.

गुडिसनवरचं ते शेवटचं वर्ष होतं. १८९२ पासूनचं मैदान सोडताना संघ दुसऱ्या श्रेणीत गेला असता तर काय झालं असतं, याचा विचार आम्ही त्या सगळ्या हिवाळ्यात रात्र-रात्र केला आहे. "डाइशसुद्धा सावरला असता" हे म्हणणं सोपं आहे. जो संघ गोलच करत नव्हता तो पाहायला दर आठवड्याला बसणाऱ्याला ते पटणार नाही.

ऑफसाइड

कूपरेजकट्टा यांच्याशी सहमत. त्याच मोसमातलं लेस्टर विसरू नका. स्टीव्ह कूपरला नोव्हेंबरात काढलं तेव्हा १२ सामन्यांत १० गुण होते, संघ सोळावा. व्हॅन निस्टलरॉय आला, पहिल्याच सामन्यात वेस्ट हॅमवर ३-१. सगळे खूश. कूपर गेल्यानंतरच्या २६ सामन्यांत गुण किती? १५. घरच्या मैदानावर ओळीने सामने एकही गोल न करता हरले आणि एप्रिलमध्येच खाली गेले. त्या ३-१ ने सगळ्यांची दिशाभूल केली. वेस्ट हॅमने त्या रात्री गोलवर फटक्यांचा मारा केला होता, ते कुणी पाहिलंच नाही.

साउदम्प्टननेही त्याच मोसमात डिसेंबरात रसेल मार्टिनला काढून इव्हान युरिचला आणलं. शेवटी १२ गुण.

कूपरेजकट्टा

@मर्सीकाठी, मोयेसचं नाव तुम्ही काढलंत ते बरं झालं. संडरलंडला २४ गुणांसह खाली नेणारा मॅनेजर कोण होता? हाच डेव्हिड मोयेस. तोच माणूस पुढे वेस्ट हॅमला दोनदा सावरतो, २०२३ मध्ये त्यांना युरोपा कॉन्फरन्स लीग जिंकून देतो आणि मग एव्हर्टनला वाचवतो. आठ वर्षांत त्याला फुटबॉल नव्याने कळलं असं तर नाही. त्याच्या हाताखाली कोण होतं, मालक कोण होते, हे बदललं. एव्हर्टनची मालकी डिसेंबर २०२४ मध्ये फ्रीडकिन गटाकडे गेली. त्याआधीची दोन-तीन वर्षं गुणकपात आणि पैशांची चणचण यांत गेली होती. ती टांगती तलवार दूर झाली आणि तीन आठवड्यांत मोयेस आला. ३१ गुण एकट्या मोयेसच्या खात्यावर कसे टाकायचे?

फातोर्डा_गॅलरी

सगळी चर्चा इंग्लंडमध्येच का? आपल्याकडचं उत्तम उदाहरण गोव्यातच घडलंय, आणि तेही प्रेक्षकांशिवाय.

२०२०-२१ ची आयएसएल (इंडियन सुपर लीग) कोविडमुळे पूर्ण गोव्यात झाली. मोकळी स्टेडियम, खेळाडू हॉटेलात बंद. नॉर्थईस्ट युनायटेड जिंकायचंच विसरला होता, जानेवारीत जेरार्ड नुस गेला आणि सहायक असलेल्या खालिद जमीलकडे अंतरिम जबाबदारी आली. त्यानंतर लीगमध्ये संघ एकही सामना हरला नाही. थेट तिसरा क्रमांक, उपांत्य फेरी. आयएसएलमध्ये संघाला तिथवर नेणारा तो पहिला भारतीय प्रशिक्षक.

हे उदाहरण मला महत्त्वाचं वाटतं कारण यात घरच्या प्रेक्षकांचा जोर नाही, प्रवास नाही, घर-बाहेर असा भेदही नाही. सगळ्यांसाठी तीच तीन मैदानं. खालिदने नवीन काही गुंतागुंतीचं आणलं नाही. बचाव घट्ट केला, कडेने वेगात हल्ला, प्रत्येकाला एकच काम. जानेवारीत डेशॉर्न ब्राऊन आला, त्याचे गोल उपयोगी पडले हे खरं. पण मुंबई एफसीसारख्या कमी पैशांच्या संघाला वर्षानुवर्षं आय-लीगमध्ये तगवणाऱ्या आणि आयझॉलला विजेतेपद मिळवून देणाऱ्या माणसाला अडचणीतला संघ कसा हाताळायचा हे माहीत होतं. त्याच्या जागी कुणीही असता तरी असंच झालं असतं, हे मी मान्य करणार नाही.

निळी_जर्सी

खालिदचंच उदाहरण पुढे नेतो, कारण ते माझ्या काळजाजवळचं आहे.

मानोलो मार्केझच्या आठ सामन्यांत भारताने एकच जिंकला, मालदीवविरुद्धचा. हाँगकाँगकडून हरलो आणि मार्केझ गेला. ऑगस्ट २०२५ मध्ये खालिद आला. ताजिकिस्तानला त्यांच्याच देशात २-१ हरवलं, मध्य आशियाई संघांच्या काफा नेशन्स कपच्या तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात ओमानला पेनल्टीवर. मीही त्या रात्री मित्रांना फोन करत सुटलो होतो. आणि पुढे? सिंगापूरमध्ये रहीम अलीच्या शेवटच्या मिनिटांतल्या गोलवर १-१, मग १४ ऑक्टोबरला गोव्यात फातोर्ड्यावर त्याच सिंगापूरविरुद्ध छांगतेने आघाडी मिळवून दिल्यावरही १-२ पराभव. आशियाई कपची दारं बंद. नोव्हेंबरात ढाक्यात बांगलादेशकडून ०-१.

आता सांगा, खालिद सप्टेंबरात हुशार आणि ऑक्टोबरात अडाणी झाला का? देशाची लीग बंद पडली होती. फुटबॉल महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातल्या कराराचा घोळ मिटत नव्हता, खेळाडूंना सामने नव्हते, मोहन बागानने तर काफासाठी खेळाडू सोडलेच नाहीत. ज्या स्ट्रायकरला महिनोन्‌महिने स्पर्धात्मक सामना नाही, त्याचा पाय गोलसमोर कुठला मॅनेजर सरळ करणार? पहिल्या दोन-तीन सामन्यांचा जोश सगळ्यांना मिळतो. त्यानंतर व्यवस्था आडवी येते. आपण स्टिमाच गेला, मार्केझ गेला असं मोजत बसतो आणि ज्यांनी लीग ठप्प होऊ दिली ते कार्यालयात तसेच बसलेले असतात. याचा मला मनापासून राग येतो.

तालीमकर

मी कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर पेठेच्या संघाकडनं खेळलोय, तेवढ्यापुरतंच सांगतो. नवा कोच आला की पहिल्या आठवड्यात काय होतं ते आतनं बघितलंय. ज्याची जागा पक्की होती तो घाबरतो, बेंचवरचा पोरगा जिवाच्या आकांतानं पळतो. सरावाला सगळे वेळेवर. कुणाचं कुणाशी वाकडं होतं ते झाकलं जातं, कारण नव्या माणसाला ठाऊकच नसतं. हे खरंखुरं असतंय, आकड्यांचा खेळ म्हणून सोडून द्यायचं नाही.

पण हे टिकतं कधी? नवा कोच बेंचवरच्या पोरांना खरंच खेळवणार असेल तरच. चौथ्या सामन्याला परत तीच अकरा नावं लागली की पोरं ओळखतात. मग पळणं थांबतंय. बेटोचं वर कुणीतरी लिवलंय, ते मला त्यामुळं पटलं.

टाइनकाठचा_पुणेकर

मी न्यूकॅसलला राहतो, त्यामुळे दोन्ही बाजूंना थोडं खटकेल असं लिहितो.

नोव्हेंबर २०२१ मध्ये एडी हाउ आला तेव्हा आमचे ११ सामन्यांत ५ गुण होते. तो आल्यावर कसलाही चमत्कार झाला नाही. ब्रेंटफर्डशी ३-३, आर्सेनलकडून पराभव, नॉर्विचशी बरोबरी. मोसमातला पहिला विजय पंधराव्या सामन्यात बर्नलीवर आला. पहिल्या १४ सामन्यांत विजय नाही आणि तरी प्रीमियर लीगमध्ये टिकलो, असं तोवर कुठल्याच संघाला जमलं नव्हतं. शेवट ४९ गुणांवर, अकरावे.

पैसा होता का? होताच. ऑक्टोबरात सौदी मालक आले आणि जानेवारीत ट्रिपियर, ब्रूनो गिमारायस, डॅन बर्न, क्रिस वुड आले. हे नाकारणारा खोटं बोलतो. पण जोलिंटनचं काय? २०१९ मध्ये चार कोटी पौंडांचा स्ट्रायकर म्हणून आलेला, गोल होत नाहीत म्हणून रोज बोलणी खाणारा. नॉर्विचविरुद्ध आमच्या क्लार्कला नवव्या मिनिटाला लाल कार्ड मिळालं, दहा जण उरले, जोलिंटन मधल्या फळीत राबला. हाउने ते पाहिलं आणि त्याला तिथेच ठेवलं. हा खेळाडू आधीपासून क्लबात होता. त्यासाठी एक पौंडही खर्च झाला नाही.

कूपरेजकट्टा यांच्या मांडणीत याला जागा कुठे आहे?

कूपरेजकट्टा

जागा आहे. हाउला तळाला असतानाही कुणी घाई केली नाही, वेळ दिला. माझा विरोध नव्या मॅनेजरला नाही, मोसमाच्या मध्यावर घाबरून केलेल्या बदलाला आहे. नॉटिंगहॅम फॉरेस्ट ऑक्टोबर २०२२ मध्ये तळाला होतं. सगळे म्हणत होते की स्टीव्ह कूपर जाणार. क्लबने त्याचा करार वाढवला. संघ सोळावा आला, टिकला.

मर्सीकाठी

आणि पुढच्याच डिसेंबरात त्याच कूपरला काढून नूनो एस्पिरितो सांतोला आणलं, तेही मोसमाच्या मध्यावरच. चार गुणांची कपात होऊनही संघ टिकला आणि त्यापुढच्या मोसमात ६५ गुणांसह सातवा. ही गोष्ट अर्धी सांगून कसं चालेल?

कूपरेजकट्टा

मग पूर्णच सांगू. सप्टेंबर २०२५ मध्ये मालकाशी बिनसलं म्हणून त्याच नूनोला काढलं. पोस्टेकोग्लू आला, आठ सामने, एकही विजय नाही, चाळीस दिवसांच्या आत तोही गेला. बदलाची सवय लागलेल्या क्लबचं हे असं होतं.

मर्सीकाठी

म्हणजे जो संघ सातवा आला होता, त्याचा मॅनेजर बदलला आणि आठ सामन्यांत एकही विजय मिळाला नाही. संघ बिघडवण्याइतका फरक मॅनेजरने पडतो हे तुम्हीच आता दाखवलंत. सुधारण्याइतका पडत नाही, हे मग कुठल्या आधारावर म्हणता?