शेतकरी आजोबांचा जीवनपट लिहायचाय, पण सन-तारखा काढायच्या कुठून?

शिवारवेडा
आजोबा नव्वदीच्या पुढे आहेत, घरातले काही जण तर शंभरीला टेकले म्हणतात. सगळं आयुष्य शेतीत आणि मोठ्या एकत्र कुटुंबात गेलं. त्यांना भरपूर आठवतं, पण सन आठवत नाही. 'मोठ्या दुष्काळाच्या आधी', 'थोरलीचं लग्न झालं त्या साली', 'विहिरीला पाणी लागलं तेव्हा' असंच सांगतात. आधारवर जन्म 1 जानेवारी, शाळेच्या दाखल्यावर 1 जून. जमीन पश्चिम महाराष्ट्रात आहे आणि आता गट नंबर आहेत. आजीचं माहेर मराठवाड्यातलं. कुठले कागद काढावेत, कोणत्या क्रमाने, आणि त्यातलं किती खरं धरावं?

जुनीनोंद
सातबाऱ्यापासून सुरू करा, पण खरा माल फेरफारात, म्हणजे जमिनीवरचं नाव किंवा हक्क बदलल्याच्या नोंदीत असतो. चालू उताऱ्यावर खाली जुन्या फेरफारांचे क्रमांक छापलेले असतात, ते सगळे उतरवून घ्या. काही जिल्ह्यांचे स्कॅन केलेले फेरफार आणि हस्तलिखित सातबारे 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावर मिळतात. बाकीच्यांसाठी तहसीलच्या अभिलेख कक्षात कोर्ट फी स्टॅम्प लावून नकलेचा अर्ज करायचा. अर्जात 'सर्व जुने उतारे' असं मोघम लिहिलं तर तो परत येतो. गाव, गट किंवा सर्व्हे नंबर, फेरफार क्रमांक, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत, हे नेमकं लिहा.

हस्तलिखित सातबाऱ्यात नावाला कंस केलेला असेल तर ते नाव कमी झालेलं आहे. शेजारी वर्तुळात आकडा असतो तो फेरफाराचा. त्या क्रमांकाने गाव नमुना 6, म्हणजे फेरफाराची नोंदवही काढली की कोण वारलं, वारस कोण, कुणाकडून काय घेतलं, हे दोन-चार ओळींत सापडतं. इथे फसगत होते ती तारखेची. वर असते ती नोंद घातल्याची तारीख आणि शेवटच्या रकान्यात नोंद मंजूर केल्याची. मृत्यूची तारीख मजकुरात दिली असेल तरच ती धरा. बाप वारल्यावर वारस लावायला दहा-पंधरा वर्षं लावणारी घरं कमी नाहीत, सोसायटीचं कर्ज हवं झालं की मग धावपळ.

गट नंबर आले ते 1947 च्या तुकडेबंदी-एकत्रीकरण कायद्याने, पण प्रत्येक गावाला योजना वेगळ्या साली लागू झाली. गटाचा मूळ सर्व्हे नंबर आणि हिस्सा तालुक्याच्या भूमि अभिलेख कार्यालयातल्या योजना पत्रकात मिळतो. तो जुळवल्याशिवाय मागे जाऊ नका. एकत्रीकरणात रानांची अदलाबदल झालेली असते, त्यामुळे आजोबा 'आमचं वडाखालचं रान' म्हणतात ते आज दुसऱ्याच्या गटात असू शकतं. ते चुकीचं सांगत नसतात.

कुळाची जमीन होती का, म्हणजे घरचे दुसऱ्याची जमीन कसत होते का, तेही बघा. 1948 च्या कुळकायद्यातल्या दुरुस्तीनुसार 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन. त्या दिवशी कसणाऱ्या कुळाने जमीन खरेदी केली असं मानलं गेलं. प्रत्यक्षात त्या कायद्याच्या कलम 32ग ची चौकशी होऊन किंमत ठरणं, ती हप्त्यांनी भरणं आणि कलम 32म चं खरेदीचं प्रमाणपत्र हातात पडणं यात वर्षं गेली. म्हणून 'जमीन मालकीची कधी झाली' याला दोन उत्तरं येतील, दोन्ही लिहा.

बांधावरचा
वर सगळं बरोबर, पण विहिरीचं राहिलं. सातबाऱ्यावरच्या 'इतर हक्क' रकान्यात तगाईचा, म्हणजे सरकारी शेतीकर्जाचा बोजा शोधा. त्याची तारीख म्हणजे विहिरीचं साल, असं मात्र लगेच लिहू नका. विहिरीच्या नावावर काढलेली तगाई लग्नात खर्च झाल्याचं गावोगाव ऐकायला मिळतं. गाव नमुना 12 मध्ये, म्हणजे सातबाऱ्याच्या पिकांच्या भागात, पीक बघा. नुसती बाजरी-मटकी असलेल्या रानात गहू, मग ऊस दिसायला लागला की पाणी आलं. जलसिंचनाच्या साधनाचा रकानाही बघा. तरी पीकपाहणी ही बऱ्याचदा मागच्या वर्षावरून उतरवलेली असते, तेव्हा एका वर्षावर जाऊ नका, ओळीने पाच-सहा वर्षं बघा.

'मुदत खरेदी' असा शब्द दिसला तर थांबा. कागदावर विक्री असली तरी बहुतेक वेळा ते जमीन अडकवून घेतलेलं कर्ज असतं. नंतर तीच जमीन परत नावावर आली असेल तर मधल्या काळात घराची ओढाताण होती असं समजा, आणि त्या वर्षांबद्दल आजोबांना हळूच विचारा. सगळ्यांसमोर नको.

क्षेत्राचंही सांभाळा. जुन्या उताऱ्यात एकर-गुंठे, नव्यात हेक्टर-आर. 40 गुंठ्यांचा एकर, 100 आरचा हेक्टर, हेक्टर म्हणजे साधारण 2.47 एकर. '2.20' हे कोणत्या मापातलं ते वर्ष बघून ठरवा. एकर-गुंठे असतील तर ते अडीच एकर, हेक्टर-आर असतील तर जवळजवळ साडेपाच.

कोतवालबुक
वयाबद्दल. 1 जून हा मास्तरांनी शाळा सुरू होताना घातलेला जन्मदिवस आणि 1 जानेवारी हा फक्त साल सांगितलं की यंत्रणेने धरलेला. दोन्ही सोडून द्या. गाव नमुना 14, म्हणजे लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात ती जन्म-मृत्यूची नोंदवही, तहसीलच्या अभिलेख कक्षात मागा. तिच्यात मुलाचं नाव सहसा नसतंच, बारसं व्हायच्या आधीची नोंद असते: बापाचं नाव, 'मुलगा', तारीख. त्यामुळे आजोबांच्या नावाने शोधाल तर काहीच मिळणार नाही. पणजोबांच्या नावाने अंदाजे सालाच्या मागे-पुढे पाच-पाच वर्षं चाळा आणि सापडलेली सगळी भावंडं ओळीने मांडा. आजोबा कितवे ते घरात नक्की माहीत असतं, पण लहानपणी गेलेली भावंडं मोजणीत येत नाहीत, ती धरून क्रम लावा. जुन्या नोंदी मोडीत असतील तर पुराभिलेख खात्याच्या वर्गात मोडी शिकलेले वाचक मिळतात. फोटो काढताना पान पूर्ण घ्या, नुसती ओळ नको, कारण साल पानाच्या वर असतं.

शंभरी खरी की नाही हे तपासायला पहिल्या अपत्याचं साल, पाठच्या भावाबहिणींची वयं आणि शाळेत नाव घातल्याची तारीख शेजारी ठेवा. दाखल्यावरची जन्मतारीख अंदाजाची असली तरी प्रवेशाची तारीख खरी असते.

गोदाकाठ
आजीच्या माहेराचं: निजामाच्या अमलातल्या कागदांवर फसली साल (तिथलं महसुली वर्ष) असतं आणि मजकूर उर्दूत असू शकतो. फसलीत 590 मिळवा, त्या फसली वर्षातल्या जानेवारीपासूनच्या महिन्यांसाठी 591. म्हणजे 1357 फसली हे 1947-48. तिथे खासरा पत्रक, म्हणजे जमिनीच्या जुन्या नोंदीचा कागद मागा. कूळकायदाही वेगळा, 1950 चा हैदराबादचा. लग्नपत्रिकेवर शके असेल तर 78 मिळवा, पाडव्याआधीच्या जानेवारी-मार्चसाठी 79.

शिवारवेडा
सगळ्यांचे आभार. एक अडलंय. घरात जुन्या उताऱ्यांच्या काही नकला होत्या. पणजोबा गेल्यावर तिथे फक्त थोरल्या आजोबांचं नाव आहे, पुढे 'ए.कु.मॅ.'. आमचे आजोबा कितीतरी वर्षं कुठेच नाहीत. कसत तर तेही होते.

जुनीनोंद
ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. थोरल्याच्या नावावर पूर्ण कुटुंबाची जमीन, धाकटे भाऊ त्यात धरलेलेच. तुमच्या आजोबांचं नाव वाटपाच्या फेरफाराने आलं असेल. तो काढा, त्यात कुणाला किती हिस्सा गेला ते दिसेल. चुली मात्र त्याच्या बऱ्याच आधी वेगळ्या झालेल्या असतात. ते साल रेशनकार्डावरून किंवा ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या नमुना 8 वरून जवळपास लागतं. बहिणींची नावं त्या फेरफारात नसतील तर वारसाच्या फेरफारात बघा, पुढे हक्कसोड झाली असेल (बहिणीने आपला हिस्सा सोडला असेल) तर तिचीही नोंद मिळेल. आजीचं नाव कागदात जवळपास नसणारच. तिचा भाग तोंडीच घ्यावा लागेल आणि तो आधी घ्या, कागद कुठे पळून जात नाहीत.

बांधावरचा
तोंडी विचारताना 'कोणत्या साली' असं विचारू नका, माणूस अंदाजाने काहीतरी सांगतो आणि मग तेच धरून बसतो. ठोकून बसवलेल्या खुणा द्या: रझाकारांचा काळ आणि सप्टेंबर 1948 ची पोलीस कारवाई (आजीला), नवे पैसे आले 1957 (कृषक दिनाचाच 1 एप्रिल), कोयनेचा भूकंप 11 डिसेंबर 1967, 1972 चा दुष्काळ आणि त्यातली खडी फोडण्याची कामं. मग 'तेव्हा मोट होती की इंजिन?', 'दावणीला कोणती बैलजोडी?', 'कोण पोटात होतं, कोण रांगत होतं?' बैलांची नावं माणसांच्या तारखांपेक्षा पक्की लक्षात असतात. जोड्यांची यादी क्रमाने केली की त्यावर बाकीचं टांगता येतं. हायब्रीड ज्वारी पहिल्यांदा कधी पेरली हेही विचारा. सीएसएच-1 हे वाण 1964 चं, म्हणजे ती आठवण त्याच्या आधीची नसते.

पायली-मणात सांगितलेलं पीक किलोत बदलून लिहू नका. पायलीचं माप गावागणिक वेगळं. सांगितलं तसं लिहा आणि शेजारी त्यांचा मण किती पायल्यांचा होता ते विचारून ठेवा.